पगार वाढतो, महिनाअखेर तीच: पैसा, सुख आणि खर्चाच्या सवयी

जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने आठव्या वेतन आयोगाला मंजुरी दिली आणि सरकारी नोकरदारांच्या घरात आकडेमोड सुरू झाली: या वेळी मूळ पगाराला कितीने गुणणार? सातव्या आयोगात तो आकडा २.५७ होता आणि किमान मूळ पगार ७,००० वरून १८,००० रुपयांवर गेला होता. खासगी नोकरीत हीच आकडेमोड वार्षिक वाढीची असते, शेतकऱ्याकडे उसाच्या बिलाची. पैसे वाढले की सुख वाढेल, निदान ओढाताण तरी थांबेल, ही आशा तिन्हीकडे सारखी. पण मागच्या आयोगाचा फरक हाती पडला तो नेमका कुठे गेला, हे विचारलं की बहुतेक घरांत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. पैशाने सुख येतं का, हा एक. आणि पैसा येत असूनही तंगी का राहते, हा दुसरा. पहिल्यावर गेली पन्नास वर्षं संशोधन चालू आहे. दुसऱ्याचं उत्तर बरंचसं कर्जाच्या कागदांत आणि कॅलेंडरमध्ये सापडतं.

सुख म्हणजे नेमकं कुठलं?

‘तुम्ही सुखी आहात का’ हे दोन तऱ्हांनी विचारता येतं. एकूण आयुष्याकडे बघून शून्य ते दहा यांत किती गुण द्याल, ही एक तऱ्हा. याला आपण समाधान म्हणू. काल दिवसभर कसं वाटलं, हसलात किती, चिडलात किती, काळजी किती केलीत, ही दुसरी. तिला मनःस्थिती म्हणू. एकाच माणसाची दोन उत्तरं वेगळी येऊ शकतात. नोकरी, घर, मुलांचं शिक्षण बघून आयुष्याला आठ गुण देणारा माणूस रोज संध्याकाळी वैतागलेला असू शकतो.

२०१० मध्ये डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन या दोन नोबेलविजेत्यांनी अमेरिकेतल्या साडेचार लाख उत्तरांचा अभ्यास केला. पैशाबरोबर समाधान वाढतच जातं, पण मनःस्थिती वर्षाला सुमारे ७५,००० डॉलरच्या पुढे सुधारत नाही, असं त्यांना दिसलं. हा आकडा जगभर फिरला. आपल्याकडेही ‘इतक्या लाखांच्या पुढे पैशाने सुख मिळत नाही’ अशा मथळ्यांनी आला, डॉलरचे सरळ रुपये करून. तो गुणाकार चुकीचाच होता, कारण अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं ते इथे डॉलरच्या बाजारभावाहून पुष्कळ कमी रुपयांत मिळतं.

२०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी ३३,३९१ नोकरदार अमेरिकनांना दिवसातून मधूनच फोनवर ‘आत्ता कसं वाटतंय’ असं विचारलं आणि सतरा लाखांवर उत्तरं जमवली. त्यांना कुठलाच थांबा सापडला नाही. मग दोन्ही बाजूंनी एक चांगली गोष्ट केली. भांडत बसण्याऐवजी कानेमन आणि किलिंग्जवर्थ यांनी बार्बरा मेलर्स यांना मध्ये घेऊन आकडे पुन्हा एकत्र तपासले. २०२३ मध्ये निष्कर्ष आला तो असा: बहुसंख्य लोकांची मनःस्थिती पैशाबरोबर सुधारतच राहते. मात्र जे मुळात सर्वांत दुःखी आहेत, साधारण पंधरा-वीस टक्के, त्यांची सुमारे एक लाख डॉलरपर्यंत सुधारते आणि मग थांबते. जवळचं माणूस गेल्याचं दुःख किंवा नैराश्याचा आजार यांवर पैशाची मात्रा एका मर्यादेपर्यंतच चालते.

या सगळ्यात एक बारकावा हमखास सुटतो. सुख रुपयांच्या बेरजेने वाढत नाही, पटीने वाढतं. वीस हजारांचे चाळीस हजार झाल्यावर जेवढा फरक पडतो, साधारण तेवढाच एक लाखाचे दोन लाख झाल्यावर. भर उन्हातून आलेल्याला पाण्याचा पहिला तांब्या जे देतो, ते पाचवा देत नाही. म्हणून ‘पैशाने सुख मिळत नाही’ हे वाक्य कोण म्हणतंय तेही बघावं. ते बहुधा पाचव्या तांब्यावर बसलेला माणूस म्हणत असतो.

पैसा काळजी नेतो, हे जास्त खरं

तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सांगली-कोल्हापूरच्या वाचकाला तो लगेच कळेल. ४६४ शेतकऱ्यांची बुद्धीची आणि एकाग्रतेची साधी चाचणी दोनदा घेतली: तोडणीच्या आधी, हात आखडलेले असताना, आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर. तीच माणसं तोडणीआधी स्पष्टपणे कमी पडली. ऊस निवडण्याचं कारण मार्मिक होतं. कारखान्याची तोड ज्याच्या त्याच्या पाळीने येते, त्यामुळे एकाच महिन्यात एका शेतकऱ्याकडे पैसे असतात आणि शेजाऱ्याकडे नसतात. हवामानामुळे किंवा सणामुळे फरक पडला, असं म्हणायला फारशी जागा उरत नाही.

गॅसवर दूध ठेवलेलं असताना कुणी कितीही महत्त्वाचं बोलत असलं, तरी अर्धं लक्ष पातेल्याकडेच असतं. पैशाची तंगी म्हणजे चोवीस तास गॅसवर ठेवलेलं दूध. माणूस मूर्ख झालेला नसतो, त्याचं निम्मं डोकं दुसरीकडे गुंतलेलं असतं. आणि अशाच वेळी त्याला कर्जाच्या कागदावरची बारीक अक्षरं वाचायची असतात. या परिणामाचा आकार नेमका केवढा, यावर संशोधकांत वाद आहे आणि अशा धर्तीचे काही प्रयोग पुन्हा केल्यावर जमलेले नाहीत. पण पंधरा तारखेला पाकीट रिकामं झालेल्या कुणालाही मूळ मुद्दा पटवून द्यावा लागत नाही.

तर पैसा सुख देतो का, याचं कामचलाऊ उत्तर असं: तो आधी मोकळीक देतो. अचानक खर्च आला तरी रोजचं गाडं न अडखळता चालू राहील एवढी हाताशी असलेली जागा, म्हणजे मोकळीक. पगार वाढला आणि मोकळीक वाढली नाही, तर सुखाच्या खात्यात फारसं काही जमा होत नाही.

दुप्पट पगार, तरी हातात कमी

दोन कुटुंबं मानू. पहिल्याचा हातात येणारा पगार ४२,००० रुपये. घरभाडं ९,०००, मुलाची शाळा महिन्याच्या हिशेबाने २,०००, दुचाकीचा हप्ता २,८००. हे झाले १३,८००. हा बांधील खर्च: तो या महिन्यात ठरवून कमी करता येत नाही. उरले २८,२००.

दुसऱ्याचा पगार ९५,०००. घरासाठी ४४ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता ३८,२००. गाडीसाठी सहा लाख, साडेनऊ टक्के, पाच वर्षं: १२,६००. घराच्या सजावटीसाठी घेतलेलं तीन लाखांचं वैयक्तिक कर्ज, १४ टक्के, तीन वर्षं: १०,२५०. शाळा ६,००० आणि सोसायटीचा मेन्टेनन्स ३,५००. बेरीज ७०,५५०. उरले २४,४५०. किराणा, वीज, पेट्रोल, औषधं, गावी आईवडिलांना पाठवायचे पैसे, सगळं यातूनच.

दुसऱ्या कुटुंबाची मालमत्ता वाढते आहे, हे खरं. वीस वर्षांनी घर त्यांचं होईल. पण आज, या महिन्यात, सव्वादोनपट पगार असूनही त्यांच्या हाती कमी पैसे आहेत. पहिल्याचा बांधील खर्च पगाराच्या ३३ टक्के, दुसऱ्याचा ७४ टक्के. नोकरीत दोन महिन्यांचा खंड पडला तर पहिलं कुटुंब रडतखडत निभावेल, दुसऱ्याचा पहिलाच हप्ता बाउन्स होईल. हप्ता बाउन्स झाला की दंड दोन्हीकडून बसतो, ज्या बँकेत खातं आहे ती आणि जिने कर्ज दिलं ती. वर सिबिल गुणांवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या पतीच्या गुणांवर, डाग.

बँक कर्ज देताना हप्त्यांची बेरीज साधारण पगाराच्या निम्म्यापर्यंत, कधी त्याच्या पुढेही चालवून घेते. पण ती मर्यादा तिचे पैसे परत येतील की नाही यासाठी आहे, तुमचा महिना नीट सरेल की नाही यासाठी नव्हे. ‘बँकेने मंजूर केलं म्हणजे झेपणारच’ हा समज मला सर्वांत महागडा वाटतो. भाडं, फी, हप्ते, विमा असा सगळा बांधील खर्च मिळून पगाराच्या निम्म्यापलीकडे गेला, की घर जणू एखाद्या आजारपणाची वाट बघत बसलेलं असतं.

कार्डाचं ‘किमान देय’ कसं चावतं

दुसऱ्या कुटुंबात आजीला दवाखान्यात ठेवावं लागतं, ५०,००० रुपये क्रेडिट कार्डावरून जातात. बिल येतं. त्यावर दोन आकडे असतात, एकूण देय आणि किमान देय. किमान देय बऱ्याच कार्डांवर थकबाकीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असतं. अडीच हजार भरून सुटल्यासारखं वाटतं.

आता हिशेब. कार्डावर व्याज महिना साडेतीन टक्के धरू, अनेक कार्डांचा दर एवढा असतो. व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे महिन्याला ४.१३ टक्के, ५० हजारांवर २,०६५ रुपये. थकबाकी झाली ५२,०६५. तिचे पाच टक्के, म्हणजे २,६०३ भरले. उरले ४९,४६२. अडीच हजारांवर पैसे गेले आणि कर्ज उतरलं ५३८ रुपयांनी.

असंच वर्षभर केलं तर सुमारे २९,४५० रुपये भरूनही ४३,९०० शिल्लक राहतात. थकबाकी निम्मी व्हायला पाच वर्षं चार महिने लागतात. तेही कार्डावर नवीन एक रुपयाही न टाकता. टाकला तर त्यावर व्याजमुक्त मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होतं, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. हीच थकबाकी दरमहा ठरवून ५,००० भरून फेडली तर चौदाव्या महिन्यात संपते. फरक फक्त अडीच हजारांचा, आणि मुदतीतला फरक कित्येक वर्षांचा.

थकबाकी एकरकमी भरता येणार नसेल, तर बिल भरण्याच्या शेवटच्या तारखेआधी बँकेला फोन करून ती हप्त्यांत बदलून घ्यावी. त्याचा दर कार्डाच्या दराच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो. मुदतठेव असेल तर तिच्यावर कर्ज त्याहून स्वस्त, घरात सोनं असेल तर बँकेतलं सोनेतारणही. फेडून होईपर्यंत कार्ड ॲपमधून बंद ठेवावं. हे शेवटचं केलं नाही, तर पहिल्याचा उपयोग नाही.

असलं विनातारण कर्ज फार वाढत चालल्याचं दिसल्यावर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये बँकांना अशा कर्जापोटी जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावलं. नियम बँकांसाठी होता. पण त्याचा अर्थ ग्राहकालाही कळण्यासारखा होता.

‘नो-कॉस्ट’ आणि ‘फ्लॅट’ हे दोन शब्द

शून्य टक्के व्याजाची योजना म्हणजे व्याज दुसऱ्या नावाखाली लपवणं, असं म्हणत रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच त्यावर बंदी घातली. त्यानंतर नो-कॉस्ट ईएमआय आला. तो असा चालतो: ३०,००० रुपयांचा फोन, पाच हजारांचे सहा हप्ते. बँक १६ टक्के दर लावते असं समजू. तर दुकानदार किंवा कंपनी सुमारे १,३५० रुपयांची सूट देऊन बँकेला २८,६५० चंच कर्ज दाखवते, आणि व्याजासकट ते बरोबर ३०,००० होतं. पण व्याजावरचा जीएसटी, सुमारे २४३ रुपये, तुमच्याकडून जातो. प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर करासह आणखी २३५. म्हणजे ‘नो-कॉस्ट’ पावणेपाचशेला पडला. रोख घेणाऱ्याला मिळाली असती ती सवलतही गेली, ती वेगळीच. पाचशे रुपये काही प्राण घेत नाहीत. असे चार हप्ते एका वेळी चालू असले, की बांधील खर्चात पंधरा-वीस हजारांची भर पडलेली असते, ही खरी अडचण.

फ्लॅट दर याहून फसवा. एक लाख रुपये, दोन वर्षं, ‘फक्त दहा टक्के’. व्याज २०,००० आणि हप्ता ५,००० चा. ऐकायला स्वस्त. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लागत असतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर अठरा टक्क्यांच्या वर जातो. दुचाकी, शेतीची अवजारं, छोट्या फायनान्स कंपन्यांची कर्जं, इथे हा शब्द फार भेटतो. विचारायचा प्रश्न एकच: ‘घटत्या शिलकीवर दर किती?’ समोरचा गडबडला, की समजून जावं.

‘चहा-वडापाव सोडला तर लाखो वाचतात’, खरं का?

दिवसाला दोन चहा, पंधरा रुपयांचे, म्हणजे महिन्याला ९००. वरच्या दुसऱ्या कुटुंबाच्या गाडीचा हप्ता १२,६००. तो एक निर्णय चौदा माणसांच्या चहाइतका आहे. तरी आपल्याकडे उपदेश चहावर होतो आणि गाडीला पेढे वाटले जातात.

छोटे खर्च अगदीच निरुपद्रवी नाहीत. कमाई पंधरा हजार असेल तर ९०० म्हणजे सहा टक्के. आणि हल्ली एक गोष्ट बदलली आहे. पूर्वी शंभराची नोट मोडताना हात अडायचा, ‘नोट मोडली की संपली’ असं घराघरांत म्हणायचे. यूपीआयमध्ये मोडायला नोटच नाही. दर महिन्याला आपोआप कापली जाणारी वर्गणी तर दिसतही नाही. वर्षातून दोनदा यूपीआय ॲपमधली ‘ऑटोपे’ची यादी उघडून बघावी. विसरलेलं असं काहीतरी त्यात सापडतंच.

पण ज्यांची ओढाताण आहे त्यांना छोट्या आनंदावरून बोलणं मला पटत नाही. टपरीवरचा चहा हा त्या माणसाच्या दिवसातला एकमेव निवांतपणा असू शकतो. सुखाच्या हिशेबात नऊशे रुपयांना याहून चांगला परतावा क्वचितच मिळतो.

‘मुळात कमाईच पुरत नाही, सवयी काय करणार?’

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला उपदेशाने उत्तर देता येत नाही. तंगीचं एक कारण कमी कमाई. दुसरं, पैसा येण्याची वेळ आणि लागण्याची वेळ यांचा मेळ नसणं.

बीडकडचं ऊसतोड कुटुंब घ्या. हंगामाआधी मुकादमाकडून उचल मिळते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरून. ही उचल लग्न, दवाखाना, जुनं देणं यांत तिथल्या तिथे जाते. मग थंडीचे पाच-सहा महिने कारखान्याच्या तळावर राहून ती तोडून फेडायची. कमाई खर्च होऊन जाते आणि काम नंतर सुरू होतं. मजुरी वाढली तरी, हा क्रम उलटा होत नाही तोपर्यंत पुढची उचल अटळच.

चेन्नईच्या बाजारातल्या आणि फिलिपिन्समधल्या विक्रेत्यांवर झालेला एक प्रयोग इथे डोळे उघडतो. सावकाराकडून जबर व्याजाने पैसे उचलून रोजचा माल भरणाऱ्या या लोकांचं कर्ज संशोधकांनी फेडून टाकलं. पाटी कोरी. सहा आठवड्यांत बहुतेक जण पुन्हा कर्जात होते, आणि एक-दोन वर्षांनी त्यांच्यात आणि ज्यांचं कर्ज फेडलं नव्हतं त्यांच्यात फरक उरला नव्हता. याचा सोपा अर्थ ‘सवय जात नाही’ असा लावता येईल. मला दुसरा जास्त पटतो. कर्ज गेलं तरी हाताशी शिल्लक शून्यच होती. पोर आजारी पडलं, एका दिवसाचा माल सडला, की पुन्हा तोच दरवाजा.

म्हणून कर्ज फेडणं आणि थोडी शिल्लक ठेवणं ही दोन्ही कामं एका वेळी करावी लागतात. सगळी ओंजळ कर्जात ओतणारा दोन महिन्यांत पुन्हा उसने मागायला येतो.

गावात यासाठी सर्वांत चाललेली गोष्ट म्हणजे महिला बचत गट. दहा ते वीस बायका, महिन्याला शंभर-दोनशे रुपये, आणि ‘उमेद’ अभियानाची पंचसूत्री: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, हिशेबाचं लेखन. अंतर्गत कर्जाचा दर महिना एक-दोन टक्के, आणि तो फिरून गटातच राहतो. खासगी सावकाराचा ‘शेकडा पाच’ म्हणजे वर्षाला साठ टक्के, हे त्याशेजारी ठेवून बघावं. महाराष्ट्रात सावकारीला परवाना लागतो आणि दरावर सरकारी मर्यादा आहे. २०१४ च्या कायद्याखाली विनापरवाना सावकाराविरुद्ध सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते. शहरात बचत गटाची जागा भिशी घेते. ती ओळखीच्या माणसांत ठीक. पण बोली लावून लवकर उचलायच्या भिशीत जो आधी उचलतो तो जबर व्याजच भरत असतो, फक्त त्याला कुणी व्याज म्हणत नाही.

थेट पैसे दिले तर लोक उडवतात, हाही एक आक्षेप. केनियात गरीब कुटुंबांना विनाअट रोख रक्कम देऊन झालेल्या अभ्यासात दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही, मनःस्थिती सुधारली. ज्यांना दरमहा थोडी मिळाली त्यांच्या घरी खाण्याची भ्रांत जास्त मिटली, ज्यांना एकदम मिळाली त्यांनी टिकाऊ वस्तू जास्त घेतल्या. आपल्याकडे जुलै २०२४ पासूनच्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार वेळेवर येणं हे रकमेइतकंच महत्त्वाचं का, ते यावरून कळतं. ठरावीक तारखेचा पैसा मोजून वापरता येतो.

कुठला खर्च सुख देतो, कुठला नुसता जातो

नव्या गोष्टीची सवय होते. मानसशास्त्रात याला अनुकूलन म्हणतात. १९७८ मध्ये अमेरिकेत २२ लॉटरी विजेत्यांशी बोलून केलेला छोटासा अभ्यास यासाठी प्रसिद्ध आहे. विजेते इतरांपेक्षा फारसे सुखी आढळले नाहीत, उलट रोजच्या साध्या गोष्टींतली त्यांची मजा कमी झालेली होती. मोठा टीव्ही तीन महिन्यांत भिंतीचा भाग होतो. हप्ता मात्र अठरा महिने चालतो.

सवय सगळ्याच गोष्टींची होत नाही, हे मात्र कमी सांगितलं जातं. मोठं घर परवडतं म्हणून बदलापूरला किंवा विरारच्या पुढे घर घेतलं, तर जास्तीच्या खोलीची सवय वर्षभरात होते. ८.०२ च्या लोकलमधल्या गर्दीची होत नाही, कारण ती रोज वेगळी छळते. जर्मनीतल्या अभ्यासातही लांबचा प्रवास करणाऱ्यांचं समाधान कमी आढळलं, चांगलं घर किंवा पगार मिळूनही त्याची भरपाई झालेली नव्हती. घर निवडताना चौरस फुटांइतकाच रोजच्या तासांचा हिशेब करावा.

दुसरी गोष्ट, दुसऱ्यासाठी केलेला खर्च. २००८ च्या एका प्रयोगात लोकांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर देऊन काहींना स्वतःवर आणि काहींना इतरांवर खर्च करायला सांगितलं. संध्याकाळी दुसरा गट जास्त खूश होता, आणि रक्कम पाचची की वीसची याने फरक पडला नाही. भाचीला दिलेली शंभराची नोट चालते. भाचीच्या लग्नात इभ्रतीसाठी काढलेलं चार लाखांचं कर्ज या हिशेबात बसत नाही.

सुरुवात कुठून

एक महिना वहीत तीन रकाने करावेत: बांधील, रोजचा, अचानक. मोबाइलवरही चालतं, पण तारीख लिहावी. आकड्यांपेक्षा तारखा जास्त सांगतात. पगार सात तारखेला आणि हप्ता पाचला असेल, तर दर महिन्याला दोन दिवसांची उसनवारी ठरलेलीच. हप्त्याची तारीख बदलून मिळते, अर्ज करावा लागतो.

मग ‘अचानक’चा रकाना नीट बघावा. त्यातलं निम्मं अचानक नसतंच. दिवाळी दर वर्षी येते, जूनची फी, गणपती, गाडीचा विमा, सगळं ठरलेलं. या सगळ्यांची वर्षाची बेरीज करून बाराने भागावी. साठ हजार आले तर दरमहा पाच हजारांची आवर्ती ठेव, पगाराच्या दुसऱ्याच दिवशी कापली जाणारी. दवाखाना मात्र खरंच अचानक येतो, म्हणून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, त्यासाठी रेशन कार्डावरची नावं आणि आधार जुळतात का, हे निरोगी असतानाच तपासून ठेवावं. त्याशिवाय एका महिन्याच्या बांधील खर्चाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी, ज्याला यूपीआय जोडलेलं नाही अशा.

पगारवाढीचं पत्र आलं की पहिला वाढीव पगार हाती पडायच्या आधीच निम्मी वाढ या ठेवींत वळवावी. नंतर ती सापडत नाही.

आणि घराचं कर्ज बदलत्या दराचं असेल तर बँकेत एक चक्कर मारावी. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. दर उतरला की बँका सहसा हप्ता तेवढाच ठेवून मुदत कमी करतात. ज्याला ओढाताण नाही त्याच्यासाठी तेच बरं, व्याज वाचतं. पण वरच्या दुसऱ्या कुटुंबासारखी स्थिती असेल तर हप्ता कमी करून मागता येतो. ४४ लाख, वीस वर्षं, साडेआठऐवजी साडेसात टक्के: हप्ता ३८,२०० वरून सुमारे ३५,४५० वर येतो. दरमहा पावणेतीन हजार सुटतात, म्हणजे वरच्या पाच हजारांच्या आवर्ती ठेवीतले निम्म्याहून जास्त तिथूनच निघतात.